एका वर्गात दोन बाई नसतात

"एक म्हातारी सांभाळता येत नाही तुला? एक! दहा नाही दिल्या सांभाळायला!"

आत्या दारातच सुरू झाली. चपला पण काढल्या नव्हत्या.

"मग तू सांभाळ ना! रविवारी येऊन फळं ठेवायची आणि उपदेश करून जायचं, ते कुणालाही जमतं."

"आवाज खाली."

"नाही करणार."

"शाळा सोडून घरात लोळतोयस, तर एवढं तरी करशील म्हणून तुझ्यावर टाकलं आम्ही. तू आंघोळीला गेलास आणि आई गायब! दोन तास! मोठ्या रस्त्याच्या मधोमध उभी होती ती. दोन्हीकडून गाड्या!"

मी आंघोळीला नव्हतो गेलो. मोबाईलवर मॅच बघत होतो. पण भर भांडणात असलं कोण कबूल करतं? मी हातातला पेला आपटला. प्लॅस्टिकचा होता म्हणून वाचला.

घरात मला 'काडी' म्हणतात. अंगाने काडी, आणि पेटतोही तसाच.

माझी आई अजून कामावरून आली नव्हती. बाबा कोपऱ्यात मान खाली घालून बसले होते. ते बस चालवतात. एवढी मोठी बस कसल्याही गल्लीत वळवतात, पण ताईसमोर त्यांना एक वाक्य वळवता येत नाही.

आणि जिच्यावरून हे सगळं चाललं होतं ती आजी मधल्या खुर्चीत बसलेली, गुडघ्याला पट्टी बांधून. एकदा माझ्याकडे बघायची, एकदा आत्याकडे. शेवटी म्हणाली, "केवढा गोंगाट! मधली सुट्टी झाली का?"

आत्याने वाकून तिचा हात धरला. "आई, मी आहे गं. बघ तरी माझ्याकडे."

आजीने हात सोडवून घेतला आणि जरा मागे सरकली. अनोळखी माणूस फार जवळ आला की आपण सरकतो ना, तशी.

आत्या सरळ उभी राहिली. "सोमवारी वृद्धांच्या केंद्रातल्या मॅडम येतायत तिला बघायला. त्यांच्याकडे एक जागा रिकामी झालीय. त्या हो म्हणाल्या की आठवड्याच्या आत आईला तिथे ठेवायचं. कायमचं. संपला विषय."

"बाबा?" मी म्हटलं.

"ताई म्हणतेय ते..." एवढंच बोलून बाबा थांबले.

तो बुधवार होता. म्हणजे माझ्या हातात चार दिवस होते.

आजी प्राथमिक शाळेत शिकवायची. बत्तीस वर्षं, आणि त्यातली बहुतेक दुसरीच्या वर्गावर. आईबाबा दोघंही सकाळी आठला कामावर जायचे, त्यामुळे मला वाढवलं तिनेच. मी नववीत गणिताच्या सरांच्या अंगावर वही फेकली, त्यांचा चष्मा फुटला, आणि मी परत गेलो नाही. तेव्हा सगळ्या घराने मला फैलावर घेतलं. आजी एकटीच म्हणाली, "आधी जेव. मग बघू." त्यानंतर सहाएक महिन्यांत ती गॅसवर रिकामी कढई ठेवून विसरायला लागली. मग रस्ते विसरली. मग माणसं.

डॉक्टरांकडे मीही गेलो होतो. अल्झायमर हा शब्द मला तिथे कळला. डॉक्टर म्हणाले, "नवीन आठवणी आधी जातात, जुन्या बऱ्याच टिकतात. त्यांच्याशी वाद घालू नका. तुम्ही खरे ठरलात तरी त्यांना फक्त भीती वाटेल."

वाद घालू नका! हे मला सांगणं म्हणजे जेवू नकोस म्हणण्यासारखं आहे.

मधे एक बाई ठेवली होती दिवसभरासाठी. पहिल्या दिवशी बेल वाजली, मी दार उघडलं आणि आत ओरडलो, "आजी, बाई आल्या!"

आजीने चष्म्यावरून बघितलं. "बाई मी आहे."

"तुम्ही आहातच हो," ती बिचारी म्हणाली, "मी पण बाईच."

"एका वर्गात दोन बाई नसतात. तुमची इथे बदली झाली असेल तर ऑर्डर दाखवा."

त्या बाईने हसत हसत तिचं ओळखपत्र दाखवलं. आजीने ते उलटं धरून नीट वाचलं आणि परत दिलं. "ही आमच्या मुख्याध्यापकांची सही नाही." तिसऱ्या दिवशी तिने त्या बाईच्या हातावर लाकडी पट्टी मारली. बाई पर्स उचलून निघाली. जाताना मला म्हणाली, "दुसरं कुणीही सांगा, सांभाळेन. शिक्षिका नको."

आम्ही चार दिवस हसत होतो त्यावर. आजी आम्हाला काय सांगत होती, ते मात्र एकाच्याही डोक्यात शिरलं नाही.

गुरुवारी मी दाराला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. दहा वाजून दहा मिनिटांनी आजी उठली. पर्स घेतली, छत्री घेतली, चपला उलट्या पायांत घातल्या आणि दार ओढायला लागली.

"उघड."

"आजी, कुठे जायचंय? तू रिटायर झालीस. वीस वर्षं झाली."

तिचा चेहरा खाडकन उतरला. "मला काढलं?" तिने विचारलं. "कुणी? काय चुकलं माझं?"

"काढलं नाही गं, वय झालं म्हणून..."

ती ऐकतच नव्हती. दारावर दोन्ही हातांनी मारत राहिली. मुलं थांबलीयत, मुलं थांबलीयत. अर्ध्या तासाने कुठे जायचं होतं ते ती विसरली, पण रडणं थांबलं नाही. "मी का रडतेय?" असं मलाच विचारायला लागली.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. तिच्या डोक्यातून गोष्ट जाते, पण त्या गोष्टीने जे दुखतं ते मागे राहतं. आणि मी तिला रोज नव्याने नोकरीवरून काढत होतो. गेल्या महिनाभरात वीसएक वेळा तरी.

ती झोपल्यावर मी विचार करत बसलो. हिला दहा वाजून दहा मिनिटं कशी कळतात? घड्याळ तर तिला आता वाचता येत नाही. आणि रविवारी ती निघत नाही. रविवार आहे हे तिला कोण सांगतं?

शुक्रवारी सकाळी तिच्यासमोर स्टूल टाकून बसलो. दहा वाजले. काही नाही. दहा पाच. काही नाही. मग खाली खर्रर्र करून आवाज आला, आणि आजी ताडकन उठली.

आमच्या खाली इस्त्रीचं दुकान आहे. ते शटर. रविवारी दुकान बंद असतं.

तिला बसवून मी धावत खाली गेलो. "काका, उद्यापासून शटर हळू उघडाल का?"

काकांनी इस्त्री बाजूला ठेवली. "पंचवीस वर्षांचं शटर आहे रे. त्याला कुजबुजता येत नाही. का? झोपमोड होते का राजेसाहेबांची?"

मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग जाऊ दे की तिला. कामावरच निघालीय ना? तू पण जा बरोबर. नाहीतरी कुठे तुझी सभा अडलीय."

टोमणा होता. एरवी मी दोन शब्द परत सुनावले असते. त्या दिवशी तसाच वर पळालो.

आजी दाराशी होतीच. मी कुलूप काढलं, तिच्या चपला सरळ करून घातल्या. वाटेत काही झालं तर हाताशी असावी म्हणून डॉक्टरांची फाईल काखेत मारली. ती ज्या वेगाने निघाली, त्या वेगाने मी कधी शाळेत गेलो नाही.

कोपऱ्यावर तिने मागे वळून आधी फाईलकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि एकदम अदबीने म्हणाली, "साहेब, तपासणी आज आहे का? आम्हाला पत्र नाही आलं."

ज्या माणसाला तीन वर्गांतून बाहेर काढलंय, तो त्या क्षणी शिक्षणखात्याचा साहेब झाला. मी फाईल सरळ धरली. "हो. अचानक तपासणी आहे."

"या ना. मुलं तयार आहेत माझी."

रस्ता मात्र चुकणारच होता, कारण पुढे शाळाच नाही. नऊ वर्षांपूर्वी पाडली. आता तिथे गाड्या उभ्या करतात. आजी त्या जागेसमोर येऊन थांबली. गाड्यांच्या रांगांकडे बघत राहिली. तिने माझा हात धरला. "साहेब, शाळा कुठे गेली?"

खरं काय ते माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं.

"इकडून काम काढलंय, बाई," मी म्हटलं. "आपण मागच्या फाटकाने जाऊ."

आयुष्यात पहिल्यांदा मी तिला बाई म्हटलं. तिच्या खांद्यांतला ताण तिथल्या तिथे गेला. "मग आधी नाही का सांगायचं," ती म्हणाली.

आम्ही एक फेरी मारून आमच्याच बिल्डिंगच्या मागच्या बोळात आलो. तिथे लोखंडी जिना आहे. तो वर आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी जातो. त्या दाराने आजी कधी येत-जात नाही. ती आत आली, पाय पुसले, मागच्या खोलीतल्या खुर्चीत बसली आणि छत्री खिडकीच्या गजाला अडकवली. घरातून पुढच्या दाराने निघायचं आणि मागच्या दाराने शाळेत शिरायचं. सोळा मिनिटांचा रस्ता. इतकं सोपं होतं, आणि आम्ही कुलपं लावत बसलो होतो.

मग तिने हजेरी घेतली. नंबर एक. हजर बाई. नंबर दोन. हजर बाई. मी वेगवेगळे आवाज काढत होतो. सतराला कंटाळून गप्प राहिलो.

"सतरा? आज पण नाही?" ती माझ्याकडे वळली. "साहेब, त्याचं नाव कमी करू नका. पोरगा हुशार आहे. डोकं जरा तापट आहे, एवढंच."

मला वाटलं, आत कुठेतरी तिला मी आठवतोय.

"वडिलांची कोळशाची वखार आहे. तिथे बसवतात त्याला," ती पुढे म्हणाली.

च्यायला. दुसराच कुणीतरी निघाला, साठ वर्षांचा झाला असेल आता. दोन मिनिटं उगाच डोळे ओले केले.

त्या दिवशी ती पूर्ण जेवली. बाई डबा टाकून उठल्या असं साहेबांना दिसू नये म्हणून असेल. आणि दुपारभर एकदाही दाराकडे गेली नाही.

शनिवारी आत्या न सांगता आली. आम्ही एकोणिसाव्या नंबरावर होतो.

"हजर बाई," मी बारीक आवाजात म्हटलं, आणि मागून आत्याने माझी कॉलर धरली. थेट स्वयंपाकघरात.

"तमाशा करतोस माझ्या आईचा? वेड्याला वेड्यात काढायचं आणि मजा बघायची?"

"मजा? कालपासून ती एकदा तरी रडली का विचार!"

"कुणाला विचारू? मला ओळखते का ती? सहा महिने झाले, दर वेळी सांगते, आई, मी आहे, मी आहे. हात झटकते माझा. आणि तुला, तुला साहेब म्हणते!"

मी उत्तर देणार होतो, चांगलं झणझणीत. पण ती फ्रिज उघडून उभी राहिली. काही घेईना, बंदही करीना. फ्रिजमधे तोंड घालून रडत होती. आत्याला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मी बाहेर निघून गेलो. असल्या वेळी काय करतात ते मला येत नाही.

जाताना ती म्हणाली, "सोमवार ठरलाय. बदलणार नाही."

सोमवारी साडेदहाला केंद्रातल्या मॅडम आल्या. बाबा रजा काढून घरी होते. आम्ही नुकतेच फिरून आलो होतो आणि बाई खुर्चीत होत्या. मॅडम त्यांच्यासमोर बसल्या. साध्या होत्या तशा, हळू बोलणाऱ्या.

"आजी, आज वार कोणता?"

"फळ्यावर लिहिलाय," आजी म्हणाली. "वाचता येत नाही का?"

मी फिस्सकन हसलो. मॅडमही हसल्या. मग त्यांनी मला दिवसभराचं सगळं विचारलं. मी शटर, मागचा जिना, हजेरी, सगळं सांगितलं. त्या लिहून घेत होत्या. शेवटी पेन खाली ठेवून म्हणाल्या, "चांगलं करतोयस. पण हे एकट्या पोराच्या जिवावर किती दिवस चालेल? दमत नाहीस?"

"नाही," मी म्हटलं.

त्या नुसत्या बघत राहिल्या.

"दमतो," मी म्हटलं. "त्या दिवशी पण दमलो होतो. आंघोळीला नव्हतो गेलो. मोबाईल बघत होतो."

बाबांनी मान वर केली. मला वाटलं, संपलं. मीच माझ्या हाताने आजीला पाठवलं. बाबा माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

आत्या अजून आली नव्हती. पुढचं दार आतून लावलेलं, आणि मागच्या खोलीत बेल कुणाला ऐकू येत नव्हती. ती मागून वर आली असणार, कारण लोखंडी जिना वाजला आणि मागच्या दारात ती दिसली. घामाघूम, हातात फळांची पिशवी.

मला माहीत होतं आता काय होणार. ती 'आई, मी आहे गं' म्हणणार, आजी बिथरणार आणि मॅडम ते लिहून घेणार. आत्याने तोंड उघडलं. 'आ' बाहेर आलाच होता. तो तिने परत आत घेतला. पिशवी खाली ठेवली, दोन्ही पाय जुळवले, आणि कधी ऐकला नव्हता अशा बारीक आवाजात म्हणाली,

"बाई, आत येऊ?"

आजीने चष्म्यावरून बघितलं. "उशीर का झाला?"

"झाला, बाई."

"रोजचंच आहे तुझं. ये." आत्या पुढे आली. आजी तिच्या खांद्यापर्यंतच्या केसांकडे बघत होती. "आणि ही काय झिपरी? आईने वेणी नाही घातली?"

"आई लवकर जाते, बाई," आत्या म्हणाली. "तिची शाळा असते."

"आई शिक्षिका, आणि पोरीचे केस असे!" आजीने च्च केलं. "बस इथे."

आत्या बँकेत साहेबीण आहे. गुडघ्यांना पट्टे लावते. ती आजीच्या पायांशी खाली बसली, गुडघे कटाकट वाजले. आजीने तिच्या केसांतली क्लिप काढली आणि वेणी घालायला घेतली. वेणी काही धड झाली नाही. दोनदा सुटली, एक बट तशीच राहिली. पण आजी जवळजवळ दहा मिनिटं तिच्या केसांतून बोटं फिरवत होती, आणि आत्या डोळे मिटून बसली होती.

"रडतेस कशाला? मी ओरडले का?"

"नाही, बाई."

"आईला सांग, भेटायला बोलावलंय म्हणून."

"सांगते, बाई."

नंतर स्वयंपाकघरात आत्या वाकडी वेणी तशीच ठेवून उभी होती. "दुसरीला मी तिच्याच वर्गात होते," ती म्हणाली. "घरून हात धरून निघायचो. शाळेच्या फाटकात तिने हात सोडला, की ती बाई. एकदा वर्गात चुकून 'आई' म्हटलं. सगळी पोरं हसली आणि तिने मलाच बाहेर उभं केलं. इतका राग होता मला 'बाई' या शब्दाचा! जन्मात परत म्हटलं नाही." तिने नाक पुसलं. "आणि मी सहा महिने आई आई करत तिच्या वर्गात घुसतेय."

मॅडमनी फॉर्म टेबलावर ठेवला. "हा राहू दे. आजार वाढणार आहे, खोटं सांगत नाही. कधीतरी ठेवायची वेळ आली, तर त्यात पाप नाही. पण आज ती वेळ नाही. आठवड्यातून दोन दुपारी आमच्याकडे सोडा त्यांना, म्हणजे याला श्वास घेता येईल."

"मंगळवार, गुरुवार, शनिवार मी सकाळी येईन," आत्या म्हणाली. "बँकेचं बघते मी."

आणि मग बाबांनी वाक्य वळवलं. "ताई, आई इथेच राहील. मी दुपारची पाळी मागून घेतो. सकाळी मी असेन."

आत्या त्यांच्याकडे वळली. "बोलता येतं की तुला," ती म्हणाली.

याला दोन महिने झाले. सगळं छान झालं असं नाही. आजीला आता चमच्याला चमचा म्हणता येत नाही. कधीकधी आंघोळीच्या वेळी ती मला नखं मारते आणि मी ओरडतो. मग मी बाहेर जाऊन शंभर आकडे मोजतो, आणि परत येईपर्यंत ती ते विसरलेली असते. तिच्याशी भांडण टिकतच नाही. माझ्यासारख्याचं त्यामुळे बरंच भलं होतंय.

आणि माझी साहेबी गेली. गेल्या आठवड्यात फाईल न्यायला विसरलो. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "नवीन आलायस का रे?"

रे. किती महिन्यांनी.

"हो, बाई."

"आधीच्या शाळेतून का काढलं?"

"भांडतो म्हणून."

"मग इथे भांड. पण बसून." आणि तिने मला खिडकीशेजारची जागा दिली. आता रोज दहा ओळी मोठ्याने वाचायला लावते. अडखळलो की थांबून वाट बघते. चिडत नाही. गणिताच्या सरांनी एवढी वाट बघितली असती, तर त्यांचा चष्मा वाचला असता.

आत्या म्हणते, बाहेरून परीक्षा देता येते, माहिती काढून ठेवलीय. मी अजून हो म्हटलेलं नाही. नाही पण म्हटलेलं नाही. तसं अजून बरंच सांगायचंय, पण आत्या जिन्यातून बोंबलतेय, "काडी, कुठे मेलास? बाई पुढे गेल्या!" आणि माझी एक चप्पल सापडत नाहीये. निघायला हवं मला.